तिसरा रकाना

शनिवारी प्रशिक्षण होतं, सेनापती बापट रस्त्यावर.
एसी इतका की दोघीतिघींनी पदर कानावरून घेतले.
बाणेरहून आलेला निषाद नावाचा मुलगा,
माझ्या नोकरीहून वयाने जेमतेम मोठा,
म्हणाला, "टीचर्स, आता फळा विसरा."
मी नखांकडे पाहिलं.
कडेला खडूची पूड, आंघोळीनेही न जाणारी.

चहाच्या आधीच प्रमाणपत्र मोबाइलवर आलं.
नावातला एक काना गळालेला,
शालन काकडेची शलन काकडे झालेली.

शाळा आमची अप्पर डेपोच्या मागे.
टॅब येऊन तीन वर्षं झाली. चाळीस आहेत.
किल्ली मोठ्या बाईंकडे.
फुटला तर वसुली कुणाच्या पगारातून,
हे परिपत्रकात लिहिलेलं नाही,
म्हणून महिन्यातून एकदा बाहेर काढतो, पुसतो,
मुलांच्या हातात देऊन फोटो काढतो, ठिकाणाच्या नोंदीसकट,
आणि परत ठेवतो
हळदीकुंकवाच्या चांदीच्या वाट्यांसारखे, मोजून.
मी हसत नाही मोठ्या बाईंना.
त्यांच्या जागी मीही दोनदा मोजले असते.

बहीण माझी कोथरूडला शिकवते.
तिच्या पालकसभेत विषय असतो
मुलांच्या हातातून स्क्रीन सोडवायचा कसा.
माझ्या पालकसभेला चार आया येतात,
त्यातल्या दोघी उभ्याच, कामावर जायचं असतं.

बंदच्या वर्षी नागम्मा सातवीत होती.
फोन घरात एकच, तोही भावाचा,
भाऊ जेवणाचे डबे पोचवून साडेअकराला परतायचा.
मग तिचा निरोप यायचा, कुजबुजत,
कारण त्या खोलीत सहा जण झोपलेले:
"मॅडम, प्रकाशसंश्लेषण झालं माझं."
मी तो सकाळी ऐकायची, कणीक मळता मळता,
कोपराने बटण दाबून.
उत्तरं बरोबर असायची. बहुतेक.

पण ॲपमध्ये दोनच बटणं होती.
हजर हिरवं, गैरहजर लाल.
वर्ग सकाळी दहाला, ती रात्री पावणेबाराला.
सत्तावन्न दिवस मी तिला लाल केलं.
कुणी सांगितलं म्हणून नाही,
दहा वाजता ती नव्हती म्हणून.
खरंच तर होतं ते.

धायगुडे सरांचं निवृत्तीचं वर्ष होतं.
त्यांना मी फाइल जोडायला शिकवलं, नऊ वेळा,
दहाव्यांदा त्यांनी मला शिकवलं
की प्रश्न विचारल्यावर
मनात सात अंक मोजायचे, मगच दुसऱ्या मुलाकडे बघायचं.
सहाव्या अंकाला मागचा बाक बोलतो, म्हणाले.
त्याचं प्रमाणपत्र नाही मिळालं.
जिन्यात झालं होतं ते, वीज गेलेली असताना.

शेवटी निषादने अभिप्राय भरायला लावला:
आज काय शिकलात, शंभर अक्षरांत.
मी लिहिलं, ॲपमध्ये तिसरं बटण हवं.
लाल पट्टी आली: कृपया दिलेल्या पर्यायांतून निवडा.
त्याला दाखवलं.
तो हसला, मग हसायचा थांबला.
म्हणाला, माझी आई हडपसरला बालवाडी चालवते,
ती पण असंच काहीतरी म्हणत असते.
खिशातून छोटी वही काढली, कागदाची,
आणि लिहून घेतलं, पेन्सिलीने.
पुढे काही होईल का, माहीत नाही.
होत नाही सहसा.

नागम्मासमोर आता एकच शब्द आहे, स्थलांतरित.
यादगीरला, की वाघोलीच्या नव्या इमारतींवर,
हे विचारायला तिथे जागा नाही.

सोमवारी कपाटातून जुनी हजेरी काढली,
कागदी, आता कुणी न मागणारी.
पट्टी ठेवली आणि उजवीकडे एक रेघ ओढली,
वरपासून खालपर्यंत, बावन्न नावांच्या शेजारून.
मथळा अजून लिहिलेला नाही.
मी मनात अंक मोजते आहे.
चार झालेत.